उशिरा धरलेली लेखणी

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 मध्ये पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर गावी 1 जून 1868 रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकमध्येच त्या गेल्या आणि पुस्तकाचा चौथा भाग त्याच वर्षी आला. स्मृतिचित्रांची लेखिका म्हणून छापील पुस्तक हाती धरण्याचे सुख त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाले. त्याआधीचा सगळा काळ संसार, वियोग, धर्मांतर, आजाऱ्यांची सेवा, पोरक्या मुलांचे संगोपन आणि वसतिगृहाची देखरेख यांत गेला. उतारवयात लेखक होण्यासाठी काय लागते आणि त्यातून कसले लेखन जन्माला येते, हे समजून घ्यायचे तर मराठीत याहून भरीव उदाहरण सापडणे कठीण आहे.

लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरातच. 1880 च्या सुमारास, बाराव्या वर्षाच्या आसपास, नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक कवी, संस्कृतचे जाणकार, वक्तृत्वात तरबेज आणि स्वभावाने अस्थिर. हातात असेल ते मागणाऱ्याला देऊन टाकणारे, एका गावात आणि एका नोकरीत फार काळ न रमणारे. नाशिक, मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी त्यांची भटकंती चालू राहिली आणि प्रत्येक ठिकाणी चूल नव्याने मांडण्याचे काम बायकोकडे आले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, देवदत्तला (दत्तूला), घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. हा वियोग जवळजवळ पाच वर्षांचा होता. त्यांच्या पहिल्यावहिल्या कविता याच काळातल्या. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या आणि 1900 मध्ये, स्वतःच्या विचाराने, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरची वर्षे नगर आणि राहुरीकडची. त्या काळच्या मोठ्या दुष्काळाने पोरकी केलेली मुले टिळकांच्या घरात वाढली. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची सेवा केली. ज्या काळात माणसे स्वतःच्या घरातल्या आजाऱ्याजवळ जायला घाबरत, त्या काळात त्या परक्यांच्या उशाशी बसल्या. 9 मे 1919 रोजी टिळक गेले, तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. पोटासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले. नंतर मुलाच्या नोकरीमुळे कराचीला बिऱ्हाड झाले आणि शेवटी पुन्हा नाशिक.

यातल्या बहुतेक कामांना त्या काळी कुणी पेशा मानले नसते. परिचारिका, मेट्रन, पालक, पाहुण्यांनी भरलेल्या घराची कारभारीण, लोकांसमोर उभी राहून बोलणारी बाई ही सगळी कामे त्यांनी केली, पण ‘आधीचे व्यवसाय’ म्हणून ती कुठे नोंदली गेली नाहीत. उशिरा लिहिणाऱ्या स्त्रियांबद्दल बोलताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. त्यांचे कामाचे आयुष्य पुरुषांइतकेच लांबरुंद असते. त्याला हुद्दा नसतो, पगारपत्रक नसते, म्हणून ते दिसत नाही इतकेच.

उशिरा लेखणी धरणाऱ्याकडे अनुभवाची शिदोरी असते असे सर्रास म्हटले जाते. म्हणणे खरे आहे, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. अनुभव प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे असतो. त्यातले फार थोडे लिहितात आणि त्याहून थोडे वाचण्याजोगे लिहितात. आधीच्या कामांनी लेखकाला दिलेली खरी देणगी वेगळीच असते. कोणती गोष्ट आधी पाहायची, कोणती नंतर, कुणाशी कसे बोलायचे, काय न बोलता सोडायचे, याची सवय त्या कामांनी हाताला लावलेली असते. लेखनात ती सवय वाक्याच्या रूपाने उतरते.

स्मृतिचित्रांची सुरुवातच पाहावी. 1857 साली त्र्यंबकेश्वरला उठाव झाला आणि तो मोडल्यावर लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना फाशी झाली. घरावर कोसळलेल्या या संकटाचा धक्का त्यांच्या जावयाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, असा बसला की त्यांच्या सोवळ्याला धरबंध राहिला नाही. बाजारातून आलेला जिन्नस पाण्यातून निघाल्याखेरीज घरात यायचा नाही. विटाळाची शंका कशावरून येईल याचा नेम नाही. घरातल्या बायकांचा दिवस या धुण्यापुसण्यात आणि त्याच्या धास्तीत संपायचा. लहानग्या मनूने, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, हे सगळे पाहिले आणि सोसले. तरी पन्नास-साठ वर्षांनी ते लिहिताना वडिलांवर राग काढलेला नाही आणि त्यांची कड घेतलेली नाही. आधी फाशी सांगितली, मग सोवळे सांगितले. दोहोंतला दुवा वाचकाला आपोआप कळतो. आजाऱ्याची हकीकत डॉक्टरला सांगायची तर ताप कधी आला, मग काय झाले, मग काय झाले, असेच सांगावे लागते. मध्ये आपले मत घालून चालत नाही. शुश्रूषा केलेल्या बाईचे हे सांगणे आहे.

याच सोवळ्याचे दुसरे टोक पुस्तकात पुढे येते. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. वडिलांच्या ज्या वेडापायी बालपण करपले, त्याचाच धागा आपल्याही हाताला चिकटला आहे, हे त्या कसलीही सारवासारव न करता सांगतात. मग जातिभेद माणसाने केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि सोवळे सुटले. या बदलामागे कुणाचा उपदेश नव्हता. तिशीतल्या लेखिकेने ही दोन टोके लिहिली असती तर बहुधा एकीवर टीका आणि दुसरीचे समर्थन झाले असते. लक्ष्मीबाई साठीच्या जवळ होत्या आणि दोन्ही टोके त्यांनी स्वतः ओलांडली होती. त्यामुळे वडिलांविषयी त्यांच्या लेखनात जी समज आहे, तीच स्वतःविषयीही आहे. उतारवयातल्या लेखनाचा सर्वांत मोठा लाभ हा आहे, आणि तो घाई करून मिळत नाही.

वसतिगृहाच्या कामाचा ठसाही तितकाच स्पष्ट आहे. मेट्रनला पुष्कळ मुली एकदम सांभाळाव्या लागतात. कोणती हट्टी, कोणती घाबरट, कोणती खोटे बोलताना मान खाली घालते, हे दोन-चार खुणांवरून ओळखावे लागते. स्मृतिचित्रांत माणसे शेकड्यांनी येतात आणि जवळजवळ प्रत्येकाची ओळख दोन-तीन ओळींत पुरी होते. एखादी सवय, एखादे उत्तर, एखादा चमत्कारिक हट्ट, आणि ते माणूस वाचकाच्या समोर उभे. लांबलचक वर्णन कुठे नाही. संवाद मात्र भरपूर आहेत, कारण ही बाई जन्मभर बोलत आणि ऐकत आली होती. घरात सतत माणसांचा राबता, नवऱ्याशी रोजची खडाजंगी आणि रोजचा समेट. मराठी गद्यात बोलण्याची लय इतक्या बिनचूकपणे उतरलेली फार थोडी पुस्तके आहेत. ती लय कागदावर येण्याआधी चाळीस वर्षे तोंडात घोळलेली होती.

तरीही हे सगळे असून पुस्तक झाले नसते. उशिरा लिहिणाऱ्याला लेखनाकडे ढकलणारे कुणीतरी लागते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हे काम मुलाने केले. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला वडिलांच्या आठवणी लिहून काढायला सांगितल्या. आईने लिहायला घेतले आणि टिळकांच्या आठवणींत स्वतः लक्ष्मीबाई येऊ लागल्या, मग त्यांचे वडील, बहीण, शेजारी, आजारी मुले, उपाशी मुले, सगळेच येऊ लागले. नवऱ्याच्या चरित्राला साहित्य पुरवण्यासाठी सुरू झालेले लेखन बायकोचे आत्मचरित्र होऊन बसले. पुस्तक होण्याआधी ते ‘संजीवनी’ या नियतकालिकातून क्रमशः छापले गेले. या क्रमशः छपाईचे महत्त्व फार आहे. एकदम चार भागांचे पुस्तक लिहायचे म्हटले तर साठीच्या माणसाची छाती दडपेल. पुढच्या अंकासाठी एक प्रकरण द्यायचे, एवढे मात्र जमते. प्रकरणे आटोपशीर आहेत, प्रत्येकात एक-दोन प्रसंग आहेत आणि प्रत्येक आपापल्या जागी पुरे होते. छापखान्याच्या वेळापत्रकाने पुस्तकाला हा आकार दिला.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्यही याच काळात त्यांनी हाती घेतले. टिळकांनी त्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहिले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. ते 1938 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. गद्यात स्वतःचे आयुष्य आणि पद्यात नवऱ्याचे अपुरे राहिलेले काम, दोन्ही एकाच उतारवयात. ‘ख्रिस्तायन’ आज फारसे कुणी वाचत नाही; स्मृतिचित्रे वाचली जातात. दोन्हींमागचे कष्ट सारखेच होते, हे मात्र विसरू नये.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला अशीच एक गोष्ट घडत होती. लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन बाई लक्ष्मीबाईंपेक्षा वर्षभराने मोठ्या, 1867 च्या. तरुणपणी शाळा शिकवली, मग मिसूरीत नवऱ्याबरोबर शेती केली, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या स्थानिक संस्थेचे चिटणीसपद सांभाळले, ग्रामीण पत्रात सदर लिहिले. ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ हे त्यांचे पहिले पुस्तक 1932 मध्ये आले, तेव्हा त्या 65 वर्षांच्या होत्या. त्यांच्याही मागे अपत्यच उभे होते. मुलगी रोझ पत्रकार आणि लेखिका होती. आईच्या हस्तलिखितांवर संपादनाचा हात तिने फिरवला. नाशिकची बाई आणि मिसूरीची बाई, दोघींनी एकमेकींचे नावही ऐकले नसेल. तरी दोघींची वाट एकच. जुन्या काळाची आठवण, ती मागणारे लिहितेवाचते अपत्य, आणि कागदावर आल्यावर ते नीट लावून देणारा जवळचा हात. उशिरा आलेल्या पुस्तकाच्या मागे असा हात बहुधा असतोच, आणि त्याचे श्रेय कमी लेखले जाते.

मराठीत उशिरा झालेल्या लेखनाचा मोठा भाग स्त्रियांच्या आत्मकथनांचा आहे, हा योगायोग नाही. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या त्या पती न्यायमूर्ती रानडे गेल्यावर. पुस्तक 1910 चे आणि लेखिका पन्नाशीच्या जवळ आलेल्या. पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर अक्षरे शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा करत फिरल्या, अमेरिकेत लोकांच्या घरी काम करून राहिल्या आणि मग 1928 मध्ये त्यांची ‘माझी कहाणी’ आली. त्यांच्या बहिणीचे, आनंदीबाई कर्व्यांचे, ‘माझे पुराण’ 1944 मध्ये आले, तेव्हा आनंदीबाई ऐंशीच्या घरात होत्या. या सगळ्या जणी उशिरा लेखिका झाल्या, कारण त्यांना अक्षरे उशिरा मिळाली. अक्षरे मिळाल्यावर वेळ मिळायला आणखी काही वर्षे गेली. आणि आपले आयुष्य लिहिण्याजोगे आहे, असे कुणी म्हणायला त्याहून अधिक वर्षे गेली.

पुढे दलित स्त्रियांच्या बाबतीत हेच अधिक कठोरपणे घडले. शांताबाई कांबळे सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका होत्या, नंतर शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. पुस्तक 1986 चे, वय 63. त्याच वर्षी पुस्तक झालेले ‘जिणं आमुचं’ बेबी कांबळ्यांचे. फलटणला त्या छोटे दुकान चालवत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानात बसून लिहायचे आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेपासून लपवून ठेवायचे, असे वीसेक वर्षे चालले. म्हणजे लेखन उशिराचे नव्हते, फक्त ते जगासमोर उशिरा आले. उशिरा लेखक झालेल्या कित्येकांच्या बाबतीत ही शक्यता मनात ठेवायला हवी. त्यांनी लेखणी आधीच धरलेली असते, दार मागाहून उघडते.

पुरुषांची वाट थोडी वेगळी, आणि तीही नाशिकच्या परिसरात पाहायला मिळते. दादासाहेब फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. गोध्र्याला फोटोग्राफी केली, पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन झाले, छपाईच्या धंद्यात पडले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. चित्रपटाच्या धंद्यातल्या भागीदारांशी बिनसल्यावर ते काशीला गेले आणि तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ज्या माणसाने नाटकापासून दूर नेणारे नवे माध्यम देशात रुजवले, त्याने पन्नाशीच्या आसपास नाटक लिहायला घ्यावे, यात एक प्रकारची निष्ठा आहे. फाळक्यांना मात्र लेखक म्हणून कुणी लक्षात ठेवले नाही, आणि त्यात अन्याय झाला असेही वाटत नाही. त्यांची खरी लेखणी कॅमेरा होती.

बाबुराव बागुल यांचा जन्म 1930 साली नाशिकजवळच्या विहितगावचा. बालपणाचा मोठा भाग मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये गेला. मिळतील ती कामे केली, सुरतेला रेल्वेत नोकरी केली आणि तिथे राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवावी लागली. 1963 मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते. वयाच्या हिशेबाने हे उशिरा नाही. पण त्या वयापर्यंत त्यांनी केलेली कामे आणि पाहिलेली माणसे एवढी होती, की संग्रहातले लेखन एखाद्या पन्नाशीच्या माणसाचे वाटावे. पुढे नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले आणि 2008 मध्ये नाशिकमध्येच गेले. कामे बदलत राहिलेल्या माणसाचे वय पंचांगावर मोजता येत नाही, हे बागुलांकडे पाहून पटते.

नाशिकला 2021 च्या डिसेंबरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. त्यांचा मूळ पेशा खगोलभौतिकी. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 1974 मध्ये पहिली कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नव्हे. आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले. परीक्षकांनी शास्त्रज्ञाच्या नावाकडे पाहून नंबर देऊ नये, एवढाच हेतू. कथेला बक्षीस मिळाले. दुसऱ्या क्षेत्रात नाव कमावलेल्या माणसाने लेखनाकडे वळताना अशी काळजी घेणे दुर्मीळ आहे. अनेकदा उलट घडते. हुद्द्यावरून उतरलेला माणूस हुद्द्यासकट पुस्तकात शिरतो. सत्कार, बदल्या, वरिष्ठांची पत्रे, उद्घाटनाचे फोटो. त्या पुस्तकात काम कुठेच नसते, फक्त कामाचा मान असतो. वाचकाला हवे असते ते नेमके दुसरे. धरणाचा दरवाजा उघडण्याआधी काय तपासतात, कोर्टातला बेलिफ कुणाच्या दारात कसा उभा राहतो, रात्रपाळीची नर्स पहाटे चारला काय करते.

उशिरा लिहिणाऱ्यापुढचा दुसरा धोका भाषेचा आहे, आणि तो हुद्द्याच्या धोक्याहून मोठा. चाळीस वर्षे जो माणूस चोख, नेमके, पोटतिडकीने बोलत आला, तो लिहायला बसला की एकाएकी शाळेच्या निबंधासारखी भाषा वापरतो. सूर्यनारायण क्षितिजावर येतो, जीवनरूपी नौका हेलकावे खाते, आईची माया सागरासारखी होते. त्याला वाटते, लेखन म्हणजे हेच. त्या भाषेत त्याची स्वतःची सगळी हुशारी हरवते. लक्ष्मीबाई या धोक्यातून वाचल्या, कारण साहित्याची भाषा म्हणून जी काही असते ती त्यांनी कधी गिरवलीच नव्हती. घरात तिची वाण नव्हती. टिळक त्या भाषेचे मातब्बर होते. पण लक्ष्मीबाईंनी नवऱ्याची भाषा उसनी घेतली नाही. नाशिककडच्या ब्राह्मण घरातली बायकी बोली, म्हणी, टोमणे, लाडिक राग, सगळे जसेच्या तसे पानावर आणले. मराठी गद्याला त्यांची देणगी आहे ती ही. अल्पशिक्षित असूनही त्यांनी चांगले लिहिले असे कौतुक होते, ते चुकीच्या टोकाने केलेले कौतुक आहे. त्यांच्या बोलण्यावर शिक्षणाने इस्त्री फिरवली नव्हती, आणि त्याचा लेखनाला फायदाच झाला.

आठवणींच्या खरेपणाचा प्रश्न उरतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे लिहिताना सनावळी चुकतात, प्रसंगांचा क्रम हलतो, बोलणे शब्दशः आठवत नाही. लक्ष्मीबाईंच्या तारखाही सगळ्या बिनचूक नाहीत. नातू अशोक टिळक यांनी संपादित केलेल्या संपूर्ण आवृत्तीत टिपांसह त्यांची शहानिशा केलेली आहे. पण माणसांविषयी त्यांची आठवण ढिली पडत नाही. टिळकांना त्यांनी देवघरात बसवले नाही. त्यांचा संताप, त्यांचा भोळेपणा, संसाराची त्यांनी केलेली आबाळ, सगळे लिहिले आणि त्यांच्यावरचे प्रेमही तितक्याच मोकळेपणाने लिहिले. थोर माणसाच्या विधवेने असे लिहिणे त्या काळी सोपे नव्हते. नवऱ्याच्या पश्चात अनेक वर्षे गेली होती, दुःख शांत झाले होते, आणि मुलाला बापाचे खरे रूप कळावे ही इच्छा होती. तीन गोष्टी जुळून आल्या म्हणून ते शक्य झाले. दुःखाच्या ऐन भरात लिहिलेली चरित्रे बहुधा आरतीसारखी होतात. काही वर्षे थांबलेले लेखन माणसाला माणूस म्हणून पाहते.

आजच्या नाशिकमध्ये लिहिण्याजोगी आयुष्ये कमी नाहीत. नाशिक रोडच्या नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या कामगार राबले; झडतीतून रोज आत-बाहेर करणारा, आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे छापणारा माणूस घरी काय बोलतो, यावर मराठीत जवळजवळ काही नाही. ओझरच्या विमान कारखान्यातले फिटर, देवळालीच्या तोफखान्याच्या परिसरात उभी हयात काढलेले मुलकी कर्मचारी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले बॉयलरवाले, एका गारपिटीत द्राक्षबाग आडवी झालेली पाहून पुन्हा उभी करणारे निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी आणि त्या बागांत छाटणी, विरळणी करणाऱ्या बायका, मिलच्या नाही पण एमआयडीसीच्या तीन पाळ्यांत वय गेलेली सातपूर-अंबडची माणसे. 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय या शहरात आहे. पुस्तकांची आणि वाचकांची परंपरा जुनी आहे. नाही ती या माणसांची पुस्तके.

ती यायची असतील तर सुरुवात कविता-कादंबरीपासून करण्याची गरज नाही. ज्या कामात आयुष्य गेले त्या कामाचा एक दिवस, पाळी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत, जसा सांगतो तसा लिहावा. एका बैठकीत एक प्रसंग पुरे. लिहिलेले मोठ्याने वाचावे; जिथे जीभ अडखळेल तिथे भाषा उसनी आहे असे समजावे आणि ते वाक्य आपल्या बोलण्यात आणावे. घरातल्या लिहित्या-वाचत्या मुलांनी देवदत्त टिळकांनी केले तेवढे करावे: आईवडिलांना विषय द्यावा, वही द्यावी, दर आठवड्याला पुढचे प्रकरण मागावे आणि हस्तलिखित सांभाळून ठेवावे. हात थरथरत असेल तर फोनवर बोलणे रेकॉर्ड करून नंतर उतरवून घेता येते. आणि लिहायला बसण्याआधी स्मृतिचित्रे एकदा वाचावीत. पाठ्यपुस्तकात भेटलेल्या उताऱ्यावर किंवा संक्षिप्त आवृत्तीवर न थांबता, चारही भागांची संपूर्ण आवृत्ती, जलालपूरच्या घरापासून वाचावी.